पंधरा वर्षांची गाडी आणि मुलाचा आग्रह

पत्राचा सारांश : जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणारे निवृत्त माध्यमिक शिक्षक लिहितात, "२०११ साली घेतलेली आमची पेट्रोलवरची छोटी गाडी आजवर ६४ हजार किलोमीटर चालली आहे. दर दहा हजार किलोमीटरला मी सर्व्हिसिंग करून घेतो. निवृत्तीनंतर वापर कमी झाला. महिन्यातून दोन-तीनदा बाजार किंवा लग्नकार्य, वर्षातून काही वेळा पत्नीच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी छत्रपती संभाजीनगर आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीला शिरपूरहून आणणे, एवढेच. एरवी रोज सकाळी दारातच पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतो. गेल्या मे महिन्यात कन्नड घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि आम्ही दोघे दोन तास उन्हात बसलो. गावातील मिस्तरींनी थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटर झाळून दिला. हिवाळ्यात बॅटरी बसली, मग क्लच प्लेट गेली. वर्षभरात ३१ हजार रुपये गेले. पुण्याचा मुलगा म्हणतो, पंधरा वर्षांनी गाडी भंगारातच जाते, हप्त्यांवर नवी घ्या, हप्ते मी भरतो. पत्नी आता या गाडीत बसायला घाबरते. इतकी कमी चालवूनही गाडी दगा का देते? ती ठेवावी की विकावी?"

सप्रेम नमस्कार सर,

इतकी कमी चालूनही गाडी दगा देते, याचे तुम्हाला आश्चर्य वाटते. पत्र वाचताना मला मात्र असे वाटत राहिले, की ती कमी चालते आणि म्हणून तिची देखभालही कमी होते, यातच तिच्या दुखण्याचे मूळ आहे. पंधरा वर्षांत ६४ हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वाचार हजार. दहा हजारांचा आकडा तुम्ही गाडीच्या पुस्तिकेतूनच घेतला असणार. परंतु त्याच्या शेजारी महिन्यांचाही आकडा छापलेला असतो आणि दोहोंपैकी जे आधी भरेल ते धरावे, अशी सूचना असते. किलोमीटरच्या हिशेबाने चालल्यामुळे तुमच्या इंजिनात एकच ऑइल दोन-अडीच वर्षे राहत आले आहे, आणि निवृत्तीनंतर कदाचित त्याहूनही अधिक. ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ब्रेक ऑइल, बॅटरी आणि गाडीतील प्रत्येक रबरी वस्तू ही गाडी उभी असतानाही जुनी होत असते. आणि जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांच्या वर जातो, तिथे पत्र्याच्या शेडखाली ती थोडी लवकरच जुनी होते. विहिरीवरची मोटार वर्षभर न चालवता ऐन हंगामात सुरू केली की ती जाम का होते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण न चालवण्यालाच जपणूक समजतो.

दारातील पाच मिनिटांची सवय तर कृपया आजपासूनच बंद करा. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि इंजिन थंड असेल तर तिचा काही अंश ऑइलमध्ये उतरतो. इंजिन पुरते तापून बराच वेळ चालले तरच तो उडून जातो. पाच मिनिटांत इंजिन धड तापतही नाही. सेल्फ मारताना बॅटरीतून गेलेली वीज तेवढ्या वेळात भरून निघेल याचाही भरवसा नाही, आणि टायर तर एकाच जागी दबलेले राहतात. म्हणजे रोज थोडे पेट्रोल जाळून आपण इंजिन आणि बॅटरी या दोहोंचे थोडे थोडे नुकसानच करतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, शेजारच्या गावापर्यंत पंधरा-वीस किलोमीटरची फेरी मारा, आणि त्यातील दहा मिनिटे हिवाळ्यातही एसी चालू ठेवा, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल फिरते आणि त्याची सिले कोरडी पडत नाहीत. बॅटरीविषयी एवढेच सांगतो, की ती थंडीत बसली तरी तिचा घात उन्हाळ्याने केलेला असतो. उष्णतेने तिच्यातील पाणी आटते आणि प्लेटा झिजतात. थंडीत सेल्फला अधिक जोर लागतो तेव्हा ते फक्त उघडकीला येते. आपल्या भागात तीन-चार वर्षे झालेल्या बॅटरीची तपासणी मार्चमध्येच करून घ्यावी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी साधारण १२.६ व्होल्ट मिळाले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास असेल तर ती जवळपास अर्धी रिकामी आहे. इंजिन चालू असताना हा आकडा १४ च्या जवळ नसेल तर नवी बॅटरी घेण्यापूर्वी अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा भाग, पाहावा.

आता घाटातील प्रसंगाकडे येतो, कारण सगळी भीती तिथून सुरू झाली आहे. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तिला तुम्ही फारसे महत्त्व दिलेले नाही : चाळीसगावपर्यंत सपाट रस्त्यावर काटा मध्यावर होता आणि घाट चढू लागल्यावर तो वर गेला. चढावर गाडी हळू चालते, इंजिनावर भार अधिक असतो, एसी चालू असतो आणि समोरून येणारा वारा कमी होतो; अशा वेळी रेडिएटर थंड ठेवण्याचे काम जवळजवळ सर्वस्वी पंख्यावर येऊन पडते. म्हणून सपाटीवर बरी असणारी आणि चढावर किंवा गर्दीत तापणारी गाडी असेल तर आधी पंखा, त्याची मोटार, रिले आणि तापमान सांगणारा सेन्सर पाहावा लागतो. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाच काटा चढत असेल तर रेडिएटर आतून बुजला असण्याची, कूलंट कमी झाल्याची किंवा वॉटर पंप झिजल्याची शंका घ्यावी. शिवाय रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि या दोहोंच्या फटीत आपल्याकडची धूळ, किडे आणि कपाशीच्या हंगामात उडणारे तंतू यांचा थर बसतो. बाहेरून तो दिसत नाही. मंद धारेच्या पाण्याने, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर अशी धुलाई उन्हाळ्याच्या तोंडाशी दरवर्षी करावी; जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्तरे वाकतात आणि असलेली वाटही बंद होते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय गावोगावी केला जातो आणि त्यामागे मिस्तरींचा हेतू चांगलाच असतो, तरीही तो मला मान्य नाही. कूलंटच्या वाटेवरचा हा झडपेसारखा भाग साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि तोवर इंजिनाला लवकर तापू देतो. तो नसेल तर इंजिन कितीतरी वेळ गार चालते, गार इंजिनाला अधिक पेट्रोल पाजले जाते, मायलेज घटते आणि ऑइलमध्ये काळा गाळ धरतो. त्याहून वाईट म्हणजे, त्यानंतर काटा चढला नाही म्हणून आपण रोग बरा झाला असे समजतो, आणि पंखा किंवा रेडिएटर यांतील मूळ दोष पुढच्या मे महिन्याची वाट पाहत बसतो. नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या. तो काही फार महाग भाग नाही. त्याच वेळी रेडिएटरचे झाकणही बदला. हे झाकण आतील दाब टिकवते आणि दाबाखाली पाणी १०० अंशांच्या बरेच वर गेल्यावर उकळते. झाकणाचे रबर सैल झाले की तो सगळा फायदा जातो. पंधरा वर्षांत एकदाही न बदललेले झाकण मी सरळ बदललेच असते.

कूलंटऐवजी बोअरचे पाणी घालणे हा आपल्या भागातील दुसरा रिवाज. त्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, आणि कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये नसल्यामुळे आतील धातू गंजतो. एकदा सगळी व्यवस्था स्वच्छ धुऊन, पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, मिसळून भरावे आणि साधारण कूलंट असेल तर दर दोन-तीन वर्षांनी ते बदलावे. त्यानंतरही पातळी कमी होत राहिली आणि कुठे गळती दिसली नाही, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांमधील सांधा बंद ठेवणारा थर, तपासून घ्या. आठवड्यातून एकदा इंजिन थंड असताना बॉनेट उघडून पाहण्याची सवय या सगळ्याला पुरेशी आहे.

घाटात पुन्हा काटा चढू लागलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण उष्णतेवर आणि त्याचा पंखा जोरात ठेवावा. मे महिन्यात हे ऐकायलाही नको वाटेल, पण त्याने इंजिनातील बरीच उष्णता बाहेर पडते. काटा लाल पट्ट्यात गेला तर रुंद, सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण अर्ध्या तासाआधी मुळीच उघडू नये. उकळते पाणी दाबासह तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे हीही चूक आहे, कारण त्याने हेड तडकू शकते.

टायमिंग बेल्टविषयी मात्र तुमच्या पत्रात एक अक्षरही नाही, आणि मला सर्वांत अधिक काळजी त्याचीच वाटते. इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या हालचालीशी जुळवून उघडण्या-मिटण्यासाठी काही इंजिनांत धातूची चेन असते, काहींत हा रबरी पट्टा. तुमच्या गाडीत कोणते आहे ते पुस्तिकेत पाहा किंवा चेसिस क्रमांक सांगून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. पट्टा असेल आणि तो कधी बदलला हे कोणालाच आठवत नसेल, तर तो बदललेला नाही असे समजूनच पुढे जावे. हा पट्टा तुटण्यापूर्वी आवाज करीत नाही, काटा हलवीत नाही, दिवा लावीत नाही. धावत्या गाडीत तो तुटला की इंजिन जागीच बंद पडते आणि अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मग जी दुरुस्ती निघते तिच्यापुढे पट्ट्याचा खर्च काहीच नाही. किलोमीटर कमी झाले म्हणून तो टिकेल, ही समजूत इथे विशेष धोक्याची आहे, कारण पंधरा वर्षांचे रबर ते पंधरा वर्षांचेच असते. पट्टा बदलताना त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि, वॉटर पंप त्याच पट्ट्यावर चालत असेल तर, तोही बदलून घ्या. खोलण्या-जोडण्याची मजुरी एकदाच पडते.

टायरांचे खोबण शाबूत आहे, ते गोटा झालेले नाहीत, असे तुम्ही समाधानाने लिहिले आहे. टायरच्या कडेवर एक चार आकडी संख्या असते. ती २३१७ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. सहा वर्षांपुढचा टायर, त्याची नक्षी कितीही ताजी असली तरी, मे महिन्यात दुपारच्या वेळी महामार्गावर चालवू नये. स्टेपनीचाही आकडा पाहा; ती बहुधा मूळचीच निघेल. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो, त्यामुळे घाट उतरताना सतत ब्रेक दाबला तर पायाखालचा पेडल अचानक पोकळ होऊ शकतो. ते दर दोन वर्षांनी बदलावे आणि उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये उतरावे. पेट्रोलविषयी अलीकडे पुष्कळ भीती पसरली आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि तुमची २०११ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, हे खरे. मायलेज थोडे घटते. काही जुन्या गाड्यांतील रबरी भाग आणि गॅस्केटे २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावी लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये म्हटले होते. इंधनाच्या रबरी नळ्या एकदा तपासून चिरा दिसल्यास बदलाव्यात आणि टाकीत जुने पेट्रोल महिनोन्महिने पडून राहू देऊ नये, कारण इथेनॉल पाणी ओढून घेते. याहून अधिक घाबरण्याचे कारण मला दिसत नाही.

मिस्तरींना सोडून दुसरीकडे जाणे तुम्हाला कृतघ्नपणाचे वाटते, असे पत्राच्या शेवटी आहे. त्यांना सोडू नका. त्यांच्याकडे गाडी आजवर बिघडल्यावरच गेली आणि "तेवढे चालू करून द्या" असेच आपण म्हणत आलो, म्हणून त्यांनी तेवढेच केले. आता एक वही करा. तारीख, किलोमीटर, बदललेला भाग आणि रक्कम तिच्यात लिहा, बदललेला जुना भाग हातात मागून घ्या, आणि हा भाग का गेला, हा प्रश्न शांतपणे विचारा. चांगल्या मिस्तरीला असा प्रश्न आवडतो. एकदा मात्र लिफ्ट असलेल्या मोठ्या गॅरेजमध्ये पैसे देऊन संपूर्ण तपासणी करून घ्या, खालचे बुश, बॉल जॉइंट, ब्रेकच्या नळ्या आणि विशेषतः गंज पाहून घ्या, आणि तो कागद घेऊन मिस्तरींकडेच काम द्या.

तुमच्या मुलाच्या म्हणण्यात एक गोष्ट चुकीची आहे आणि एक बरोबर आहे. पंधरा वर्षांनी पेट्रोल गाडी रस्त्यावरून हटवण्याचा नियम दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी केला गेला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पैशांचा हिशेबही त्याला वाटतो तसा नाही. विम्याच्या कोष्टकात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात. म्हणजे सहा लाखांची गाडी घेतली तर पाच वर्षांत तीन लाख, अर्थात वर्षाला ६० हजार रुपये, ती जागेवर उभी असली तरी जातात, आणि कर्जाचे व्याज वेगळेच. त्यापुढे तुमचे ३१ हजार, ज्यांत वर्षानुवर्षांतून एकदा येणारी क्लच प्लेटही आहे, फारसे मोठे नाहीत. हप्ते मुलगा भरणार म्हणून हा हिशेब बदलत नाही. पैसे घरचेच आहेत.

परंतु सुरक्षिततेच्या बाबतीत मुलाचा आग्रह बरोबर आहे. तुमच्या गाडीत एअरबॅग नाहीत आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, हेही तुम्ही लिहिले आहे, आणि ही उणीव कोणतीही देखभाल भरून काढू शकत नाही. नव्या गाड्यांना एबीएस २०१९ पासून सक्तीचे झाले, पुढच्या दोन्ही आसनांच्या एअरबॅग त्यानंतर आल्या. महिन्यातून दोनदा गावात फिरण्यासाठी याचे महत्त्व कमी आहे; धुळ्याच्या महामार्गावर ट्रकांच्या रांगेत, लेक आणि नातवंडे गाडीत असताना, ते पुष्कळ आहे. तेव्हा गाडी ठेवायची की काढायची हे तिच्या वयावर ठरवू नका, पुढची पाच वर्षे तुम्ही तिला कुठे नेणार आहात त्यावर ठरवा. माझे मत विचाराल तर गाव आणि तालुका यांसाठी ही गाडी ठेवावी, आणि डोळ्यांच्या तपासणीची फेरी व शिरपूरची फेरी यांसाठी चालकासह भाड्याची, एअरबॅग असलेली गाडी घ्यावी. वर्षातील चार-सहा फेऱ्यांचे भाडे एखाद्या नव्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांतच भागावे. लांबचे प्रवास वाढणार असतील तर २०२२ नंतरची, एकाच मालकाची, सर्व्हिसची नोंद असलेली वापरलेली गाडी हा मुलाच्या पैशांचा अधिक चांगला उपयोग होईल. पत्नीच्या भीतीला मात्र हिशेबाने उत्तर देऊ नका. कामे झाल्यावर तुम्ही एकट्याने महिनाभर गाडी चालवा, आणि त्यांनी स्वतःहून बसते म्हटले तरच त्यांना न्या.

तपासणीत सांगाड्याला, म्हणजे सस्पेन्शन जिथे जोडलेले असते तिथल्या पत्र्याला, गंजाने भोके पडलेली निघाली, किंवा हेड गॅस्केटसह इंजिन खोलावे लागणार असे कळले, तर एक रुपयाही न घालता गाडी काढा. नोंदणीकृत केंद्रात मोडीत दिल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रस्ते करात सवलत मिळते, तेव्हा भंगारवाल्याला नुसती वजनावर देऊ नका.

निर्णयाला तारीख तुमच्या आरसीवरच, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच, छापलेली आहे. रिपासिंगचा, म्हणजे नोंदणी वाढवून घेण्याचा, अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, छोट्या गाडीसाठी त्याचे शुल्क ५ हजार रुपये आहे आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. मुदत उलटल्यास दरमहा दंड चढतो. म्हणून लिफ्टवरची तपासणी अर्जाच्या आधी करा, म्हणजे ठेवायचीच नसलेल्या गाडीवर हे पैसे जाणार नाहीत. ठेवायची ठरली तर आधी टायमिंग बेल्ट, मग कूलंटची सगळी व्यवस्था, मग टायर आणि ब्रेक ऑइल, या क्रमाने कामे उरका. आरटीओत नेण्यापूर्वी दिवे, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट पाहून घ्या, विमा चालू आहे ना ते पाहा, आणि पीयूसीची तारीखही तपासा : आरसीवर बीएस-३ (प्रदूषणाचे जुने मानक) लिहिलेले असेल तर ते प्रमाणपत्र वर्षभर नव्हे, सहाच महिने चालते.